रिकाम्या हाताचा रन-अप: एका डावखुऱ्या स्पिनरची केस

ही केस लिहू की नको यात बरेच दिवस गेले, कारण फिजिओच्या हिशोबाने बघितलं तर यात विशेष काहीच नाही. सदुसष्ट वर्षांचा माणूस, डावा खांदा, रोटेटर कफ (खांदा धरून ठेवणारे स्नायू) अर्धवट फाटलेला. दादरला दवाखाना टाकून बसलं की असे खांदे येतच असतात. पण या बारा-तेरा आठवड्यांत मी जे बघितलं त्याला आमच्या केस पेपरवर कॉलम नाही, आणि डोक्यातून जातही नाही, म्हणून लिहून टाकते.

पेशंटला आपण नाना म्हणू. परवानगी घेतलीय. त्यांची अट एकच, 'स्लो बॉलर' लिहायचं नाही, स्पिनर लिहायचं.

पेशंट

बँकेतून रिटायर. राहायला प्रभादेवी, जन्म चाळीतला, आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर. शुगर बॉर्डरला, बीपीची एक गोळी. १९७८ ते १९९२ कांगा लीग खेळले, खालच्या डिव्हिजनमध्ये, त्याच्या वर कधी गेले नाहीत आणि ते लपवतही नाहीत. रिटायर झाल्यापासून शिवाजी पार्कवर दर रविवारी सकाळी साठीच्या पुढच्यांचा एक ग्रुप जमतो, त्यात लेदर बॉलने खेळायचे.

कांगा लीग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते (मलाही नानांनीच सांगितलंय, मी आपली वडिलांबरोबर कट्ट्यावर भेळ खायला जाणाऱ्यांतली). १९४८ साली सुरू झालेली ही लीग, डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने, आणि तिची खासियत म्हणजे ती भर पावसाळ्यातली. विकेट उघडी, आउटफिल्डला गवत माजलेलं, त्यामुळे जमिनीवरून मारलेला बॉल चार हातांवर जाऊन रुततो, मग बॅट्समनला झक मारत उचलून मारावं लागतं, आणि उचलून मारायला लागला की स्पिनरचं फावतं. पण स्पिनरचंही सोपं नसतं, बॉल भिजून साबणासारखा झालेला, कमरेला नॅपकिन खोचलेला, पाय घसरू नये म्हणून क्रीजवर लाकडाचा भुसा टाकलेला. नाना म्हणतात या चिखलात जो चौदा वर्षं टप्पा धरून टाकतो तो खडूस होणारच. मुंबई क्रिकेटमध्ये खडूस ही शिवी नाही, पदवी आहे. फुकट काही द्यायचं नाही, रन नाही, विकेट नाही, समोरच्याला हसू पण नाही.

हा खडूसपणा पुढे केसमध्ये येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं.

कंप्लेंट

३ मार्च २०२५ ला पद्माकर शिवलकर गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात नाना माझ्याकडे आले. डावा हात उजव्या हाताने कोपराशी धरलेला. मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले, "पॅडी गेले."

मला आधी कळलंच नाही कोण. मग पुढची दहा मिनिटं खांदा बाजूला आणि शिवलकर, मुंबईचे डावखुरे स्पिनर. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट, आणि इंडियाकडून एक टेस्ट नाही, कारण त्याच काळात त्याच जागेवर बिशनसिंग बेदी. १९७२-७३ च्या रणजी फायनलला मद्रासला पहिल्या डावात १६ रनमध्ये ८ आणि दुसऱ्या डावात १८ रनमध्ये ५. आणि तरीही नाही. तरीही माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत रणजी खेळत होता. नाना तरुणपणी पार्कवर नेटच्या मागे उभं राहून त्यांना बघायचे. "बेदी आहे म्हणून याने एक बॉल कमी टाकला नाही पोरी," म्हणाले, आणि मग गप्प बसले, मग म्हणाले आता हात बघ.

तपासलं. हात बाजूने वर नेताना साधारण ६० डिग्रीपासून १२० पर्यंत दुखायचं, त्याच्या वर परत कमी, हे टिपिकल लक्षण. रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही, मागून शर्टात हात घालता येत नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसचा पार्शल टेअर. खांद्याच्या गोळ्याला खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी हा सगळ्यात वरचा, हाडाच्या छपराखालून जाणारा, वय झालं की याच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होत जातो, मग झिजतो, त्यात हात डोक्यावरून फिरवायची सवय असली की बघायलाच नको. आणि बॉलिंग म्हणजे दुसरं काय, तेच ते, हजारो वेळा. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, ते नानांनी नको म्हटलं, ऑपरेशनची गरज नव्हती. ठरलं की तीन महिने व्यायाम, तीन महिने बॉलिंग बंद.

आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो तुमचं ध्येय काय. बहुतेक लोक सांगतात केस विंचरता आले पाहिजेत, लोकलमध्ये वरचा दांडा धरता आला पाहिजे. नाना म्हणाले, "सहा बॉल." मी लिहिलं, एक ओव्हर.

मधेच थोडं इगतपुरीचं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेंडुलम करून घेत होते, म्हणजे वाकून हात लोंबकळत ठेवायचा आणि हलके गोल फिरवायचे, फार बोअर व्यायाम आहे, पेशंट हमखास बोलायला लागतात. तेव्हा कळलं की रिटायर झाल्यावर काकूंनी यांना इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेच्या शिबिराला पाठवलं होतं. काकू स्वतः नियमाने पोथी वाचणाऱ्या, त्यांचं म्हणणं हे आयुष्यभर मैदानात उन्हात उभे राहिले, आता जरा आत बघा.

तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचं असतं, नुसतं बघायचं, मोजायचं नाही. नाना मोजायला लागले. सहा श्वास झाले की एक ओव्हर. मग मनातल्या मनात एन्ड बदलायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यांनी फील्ड लावली होती, स्लिप, सिली पॉइंट, शॉर्ट मिडविकेट, आणि एका काल्पनिक उजव्या बॅट्समनला ऑफ स्टंपच्या बाहेर अडकवून ठेवलं होतं. मौन असल्यामुळे अपील करता येईना एवढाच प्रॉब्लेम. तिथल्या शिक्षकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, मोजू नका, नुसतं बघा. नानांना ते अजिबात जमलं नाही. दहा दिवस पुरे केले (खडूस ना, मधे सोडणार कसे) आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, माझ्यात अध्यात्म नाही, नाद सोड.

हे ऐकून मी हसले होते, तेव्हा मला यात पुढचं काही दिसलं नव्हतं.

पाचवा आठवडा

पाचव्या आठवड्यात दुखणं एकदम वाढलं. पेन स्कोअर (दुखणं दहापैकी किती) ३ वर आला होता तो परत ७. रात्रीची झोप गेली. विचारलं काय केलंत, म्हणे काही नाही, बसमध्ये दांडा धरला. मला पटेना. पुढच्या वेळी काकू बरोबर आल्या आणि त्यांनी सांगून टाकलं, सोसायटीच्या पोडियमवर रोज संध्याकाळी पोरांना टेनिस बॉल टाकत होते, "फक्त हात मोकळा करायला".

मी चिडले. खरंच चिडले. सांगितलं की असं असेल तर माझ्याकडे येऊ नका, फी वाया घालवू नका. नाना खाली मान घालून बसले, एवढा उंच माणूस, शाळेत पकडल्यासारखा. मग म्हणाले, "टाकलं नाही तर मी कोण?"

आता हा प्रश्न मी याआधी ऐकलेला आहे. गुडघे गेलेल्या ट्रेकर लोकांकडून, पाठ गेलेल्या एका तबलजींकडून. साठीनंतर शरीर एकेक गोष्ट काढून घ्यायला लागतं आणि ज्याने आयुष्यभर एकाच गोष्टीवर स्वतःला टांगलेलं असतं तो खिळाच निघाला की माणूस खाली येतो. आम्हाला कॉलेजात याचं काही शिकवत नाहीत, आम्ही थेराबँडचा, म्हणजे व्यायामाच्या रबरी पट्टीचा, रंग बदलतो, पिवळ्याचा लाल.

मला त्या दिवशी काय सुचलं माहीत नाही, खरं तर नुसती तडजोड होती. म्हटलं, नाना, हात वर नाही न्यायचा, बॉल नाही धरायचा, पण तुमचा रन-अप करा. नुसते पाय. हात कमरेच्या खाली. रोज छत्तीस वेळा, सहा ओव्हर. फिजिओच्या दृष्टीने त्यातून एवढंच साधणार होतं की पाय, कंबर आणि पाठ चालू राहणार, कारण बॉलिंगची ताकद खांद्यातून कमी आणि खालून जास्त येते, आणि परत टाकायला लागतील तेव्हा खांद्यावर कमी भार पडेल. बाकी माझ्या मनात काही नव्हतं, हे प्रामाणिकपणे लिहितेय नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी कोणी मोठी गुरू.

रिकामा हात

नाना रोज सकाळी सहाला शिवाजी पार्कवर. हा पार्क १९२५ चा, म्हणजे शंभरीत आलेला, आणि तिथे रोज चालायला येणारे काही लोकही साधारण त्याच वयाचे वाटतात. कट्ट्यावर बसलेल्यांना आयती करमणूक. एक म्हातारा पाच पावलं धावतो, उडी घेतो, थांबतो, परत मागे जातो. हातात काही नाही. कुणीतरी ओरडलं, "नाना, बॉल हरवला का?"

पहिले आठ-दहा दिवस त्यांना भयंकर लाज वाटली. मग एक दिवस क्लिनिकला आले आणि खुर्चीत न बसता उभ्यानेच सांगायला लागले. त्यांना सापडलं होतं असं की चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते रन-अप घेताना कधी रन-अपमध्ये नव्हतेच. पहिल्या पावलालाच नजर बॅट्समनच्या पायावर, डोकं पुढच्या बॉलवर, किंवा मागच्या बॉलवर जो त्या हरामखोराने सिक्स मारला. आता समोर बॅट्समन नाही, बॉल नाही, विकेट पडणार नाही, रन जाणार नाहीत, मग बघायचं काय? तर तिसरं पाऊल. त्यांचं तिसरं पाऊल कायम थोडं बाहेर पडतं, डावीकडे. लाल मातीत रोज त्याच जागी त्याचा ठसा. "एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच बघितलं नाही. तर म्हणाले, "तेच तर!"

आणि मग हळू आवाजात म्हणाले, "इगतपुरीला ते म्हणत होते ना मोजू नका, नुसतं बघा. ते हे होतं काय गं?"

मी काय सांगणार. मला स्वतःला पाच मिनिटं डोळे मिटून बसता येत नाही. पण त्या दिवशी केस पेपरवर खाली लिहून ठेवलंय, "पे. म्हणतात छत्तीस मोजायचं विसरतात, जास्त होतात." खांद्याच्या दृष्टीने ती तक्रार होती, मी त्यांना मोबाईलवर पंचवीस मिनिटांचा अलार्म लावायला सांगितलं.

माझ्या मते यात एक गोष्ट लोक चुकीची समजतात. आपल्याकडे म्हातारपण आलं की अध्यात्म म्हणजे आवडीच्या गोष्टी सोडायच्या असं धरलेलं आहे, खेळ सोडा, चटणी सोडा, पेपर सोडा, माळ धरा. नानांनी काही सोडलं नाही. त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, तेही फक्त बॉल, आणि जी पाच पावलं उरली ती त्यांनी त्याच जुन्या खडूसपणाने धरली, एक पाऊल फुकट द्यायचं नाही. निष्काम कर्म वगैरे शब्द मी त्यांच्यासमोर एकदा वापरला तर म्हणाले, निष्काम कसलं, मला सप्टेंबरपर्यंत टाकायचंय.

कट्टा

आता जो भाग येतो तो मला क्लिनिकमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळला आणि एका सकाळी मी स्वतः तिथे होते.

१९८७ चा ऑगस्ट. कांगाची मॅच, आझाद मैदान. पाऊस थांबून ऊन पडलेलं, विकेट वाळत आलेली, म्हणजे डावखुऱ्या स्पिनरला लॉटरी. नानांचे सहा ओव्हरमध्ये चार विकेट. आणि कॅप्टनने त्यांना काढलं. दुसऱ्याला बॉल दिला, त्याला रन गेले, मॅच गेली. नानांचं म्हणणं त्या दिवशी आठ झाले असते, आठ झाले असते तर पुढच्या सीझनला वरच्या डिव्हिजनचा एक क्लब बोलावणार होता, आणि मग काय काय. अडतीस वर्षं ते त्या कॅप्टनशी बोलले नाहीत. दोघं एकाच पार्कवर फिरायला. एक क्लॉकवाइज, एक अँटी-क्लॉकवाइज, म्हणजे रोज दोनदा समोरासमोर, आणि रोज दोनदा मान वळवायची. काकू म्हणाल्या लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीतून ते नाव त्यांनी स्वतः पेनने खोडलं होतं.

त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मेलाच आला, एवढा लवकर कुणाला आठवत नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यात, मी माझ्या पेशंटचे पाय बघावेत म्हणून सकाळी पार्कवर गेले होते, छत्री घेऊन. चिखल. नाना चपला काढून अनवाणी रन-अप घेत होते आणि तिसरं पाऊल सरळ पडत होतं, मी बघितलं. कट्ट्याच्या त्या टोकाला रेनकोट घातलेले एक गृहस्थ थांबले होते, बराच वेळ. मग म्हणाले, "लेग स्टंपच्या लाइनीत येतोयस आता. चांगलंय."

नाना थांबले. मला वाटलं आता भांडण. नाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि अडतीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं, "त्या दिवशी मला का काढलंस?"

तो माणूस गोंधळला. "कुठून?"

"बॉलिंगवरून. सत्त्याऐंशीला. आझाद मैदान."

त्यांनी खूप विचार केला, चष्मा पुसला, परत विचार केला. मग अगदी खऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "मी होतो का त्या मॅचला?"

त्यांना मॅचच आठवत नव्हती. टीम आठवत होती, नाना आठवत होते, मॅच नाही, चार विकेट नाही, काढलेलं नाही. नाना काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, हसूही नाही आणि राग तर नाहीच, रिकाम्या डब्यात हात घातल्यावर होतं तसं काहीतरी. मग दोघं ओल्या कट्ट्यावरच बसले. मी चहा आणायला गेले आणि परत आले तेव्हा रेनकोटवाले काका आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगत होते आणि नाना ऐकत होते.

नंतर क्लिनिकला एवढंच म्हणाले, "अडतीस वर्षं तो बॉल मीच हातात धरून बसलो होतो गं. खांदा दुखेल नाहीतर काय."

हे वाक्य मला जरा जास्तच गोड वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलं, की सुप्रास्पायनेटस रागाने फाटत नाही. ते म्हणाले तू डॉक्टर आहेस, तुला कळत नाही.

पुढे

बारा आठवडे पुरे झाले तेव्हा हात बाजूने १५० डिग्रीपर्यंत न दुखता जात होता, आराम असताना पेन स्कोअर शून्य, मेहनतीनंतर २. हळूहळू बॉल दिला, आधी भिंतीवर, मग एका स्टंपवर अर्ध्या अंतरावरून, मग पूर्ण बावीस यार्ड. हात पूर्वीसारखा कानाला लागून येत नाही, थोडा खालून येतो, राउंड-आर्म म्हणतात ना तसा, त्यामुळे फ्लाइट गेली पण बॉल आत सरकायला लागला जो आधी कधी सरकत नव्हता. रविवारच्या ग्रुपमध्ये सप्टेंबरच्या शेवटी पहिली ओव्हर. काकांना (कॅप्टन) स्कोअरिंगला बसवलं होतं. ओव्हरमध्ये अकरा रन गेले. नानांनी सहावा बॉल टाकला, टोपी घेतली, आणि फाइन लेगला जाऊन उभे राहिले. काकांनी वहीत अकरा लिहिले ते मी बघितलं, एक रनही कमी लिहिला नाही.

शांत झालेत का नाना? काकूंना विचारलं तर म्हणाल्या घरात आहेत तेच आहेत, टीव्हीच्या रिमोटवरून तेच भांडण. फक्त सकाळी पार्कवरून आले की अर्धा तास पेपरला हात लावत नाहीत, बाल्कनीत बसतात, एकविसाव्या मजल्यावरून खाली बघत. काय बघता म्हटलं तर म्हणतात काही नाही.

नोव्हेंबरमध्ये शेवटच्या फॉलो-अपला आले. मी रेंज मोजली, ताकद मोजली, फाइल बंद करायची म्हणून ध्येयाच्या रकान्यात 'एक ओव्हर, साध्य' लिहिलं आणि सहज विचारलं, विकेट मिळाली का या महिन्यात. "एक," म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "दोन होत्या. दुसरा सरळ एलबीडब्ल्यू, अंपायरने दिला नाही." आणि उठले, माझा हिरवा थेराबँड जमिनीवर पसरला, ही विकेट, फोमची उशी उभी केली, हा त्याचा पॅड, आणि बॉल नेमका कुठे टप्पा पडला, किती आत आला आणि कुठे लागला हे वाकून बोटाने दाखवायला लागले. बाहेरचा पेशंट त्या दिवशी वीस मिनिटं थांबला होता.